मदत हवी आहे : टेकडीवर माणसांची आणि घोड्यांची वाट एकच ठेवावी की वेगळी?

नमस्कार मंडळी,

आमचं गाव कोरेगाव तालुक्यात. २०१६ च्या पहिल्या वॉटर कपमध्ये (पाणी फाउंडेशनची गावांसाठीची जलसंधारणाची स्पर्धा) जे तीन तालुके होते त्यातला हा एक, त्यामुळे श्रमदान गावाला नवं नाही. आता टेकडीवरच्या ग्रामपंचायतीच्या बागेत दोनेक किलोमीटरची वाट करतोय. सकाळी फिरायला येणारी वयस्कर माणसं, शाळेची पोरं आणि गावातल्या दोन घरांच्या मिळून पाच घोड्या, सगळ्यांसाठी. लग्नसराई संपली की या घोड्या दावणीला नुसत्या उभ्या असतात. पोरांनी त्यांच्यावर रपेट शिकावी आणि त्या घरांना पावसाळ्यानंतरही चार पैसे मिळावेत, एवढ्यासाठी हा खटाटोप.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही पायथ्यापासून माथ्यापर्यंत सरळ वाट काढली. पहिल्याच मोठ्या पावसात तिचा ओढा झाला. मुरूम खाली वाहून आला, वर खडक उघडा पडला आणि त्यावरून एक घोडी घसरली. गुडघा फुटला तिचा. महिनाभर लंगडत होती. आखणीची दोरी माझ्याच हातात होती, म्हणून यंदा विचारल्याशिवाय कुदळ मारायची नाही असं ठरवलंय.

काहीजण म्हणतात, सिमेंटचे ब्लॉक बसवा म्हणजे कटकट संपेल. मला ते पटत नाही, पण उत्तरही देता येत नाही. दुसरं म्हणजे, अरुंद जागी समोरून घोडी आली तर आजींनी कुठे उभं राहायचं? वाटेच्या कडेने कण्हेरीची रोपं लावली आहेत, छान फुलली आहेत.

– – –

प्रतिसाद :

ताई, आधी कण्हेर काढा. थोडी पानं पोटात गेली तरी घोडा दगावतो.

ब्लॉकचं म्हणाल तर माथेरानच्या अश्वपालकांना विचारा. ब्लॉकवर टापा घसरतात म्हणून त्यांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली. नालेला माती-मुरूमच मानवतो, फक्त त्यावर पाणी थांबता कामा नये आणि धावताही कामा नये. वॉटर कपला समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खणलेले चर) आखायला जी ए-फ्रेम, म्हणजे पातळी बघायची A आकाराची चौकट, वापरलीत तीच काढा. वाट टेकडीला आडवी न्या. शंभर फुटांत सरासरी दहा फुटांपेक्षा जास्त चढ नको, आणि टेकडीच्या उताराच्या निम्म्याहून जास्त तर कुठेच नको. तीन फूट रुंदीला खालच्या अंगाला दोन इंच कल ठेवा. मधूनमधून वाट थोडी उतरवून पुन्हा चढवा, म्हणजे पाणी तिथून बाहेर पडेल. फांद्या दहा फुटांपर्यंत छाटा, स्वाराचं डोकं विसरू नका.

वाट एक असली तरी चालते. घोडी आली की चालणाऱ्याने उताराच्या बाजूला थांबायचं, कारण वरून कुणी दिसलं की घोडा बिचकतो. आणि बोलत राहायचं, म्हणजे हा माणूस आहे हे त्याला कळतं. शेपटीमागे मात्र कुणी जायचं नाही, तिथलं त्याला दिसत नाही.

– – –

धागाकर्ती :

दादा, खूप आभार. कण्हेर आज संध्याकाळीच उपटतो. ए-फ्रेम समाजमंदिरात सापडली, रविवारी आखणी करू. एकच राहिलं : नागमोडी वळणावर घोडीला वळायला जागा किती सोडायची? कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर फोटोसकट सांगा, शनिवारपर्यंत वाट बघते.