सातारा हिल हाफ पहिल्यांदाच पळतोय, सपाटीवरच्या माणसाने काय तयारी करावी?

माटुंगा_लोकल
यंदा सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव घातलंय. सपाट रस्त्यावर हाफ साधारण २ तास १५ मिनिटांत होते. सराव सगळा मरीन ड्राइव्ह आणि शिवाजी पार्कला, आठवड्याला ३५ किमीच्या आसपास. हातात दहा आठवडे आहेत. यवतेश्वरच्या चढाची धास्ती वाटते. पेस (किलोमीटरमागे मिनिटं) किती धरावा, पावसात बूट कोणते चालतात, आदल्या दिवशी राहणं-खाणं कसं करावं, हे जाणकारांनी सांगावं.

घाटमाथा
आधी रस्ता समजून घ्या. जायचं आणि त्याच वाटेने परत यायचं, असा मार्ग आहे. गावातून पश्चिमेकडे समर्थ मंदिराच्या बाजूला निघायचं, बोगद्याजवळून यवतेश्वरचा घाट धरायचा, वर पठारावर कासच्या रस्त्याने थोडं पुढे जाऊन मागे वळायचं. म्हणजे पहिले साडेदहा किमी बहुतेक चढ, नंतरचे साडेदहा बहुतेक उतार. सुरुवातीच्या जागेत आणि गावातल्या वळणांत बदल होऊ शकतो, म्हणून त्या वर्षीचा नकाशा बघाच.

नवखे लोक फसतात ते घाटात नाही, गावात. सातारा शहर सपाट दिसतं, पण पोवई नाक्याकडून समर्थ मंदिराकडे जाताना रस्ता सतत चढतो. दोन्ही बाजूंना टाळ्या, ढोल, लेझीम, शाळेची पोरं हात पुढे करून उभी. त्या भरात पहिले तीन किमी सपाटीच्या पेसने जातात आणि घाटाच्या पायथ्यालाच धाप लागते. घड्याळ बघू नका, श्वास बघा. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर तुम्ही जास्त जोरात आहात.

ढोबळ हिशेब असा: दर एक टक्का चढाला किलोमीटरमागे ८ ते १० सेकंद जातात. घाटात ठिकठिकाणी पाच-सहा टक्के चढ लागतो, तिथे ४५ सेकंद ते एक मिनिट जास्त लागणारच. तुमचा सपाटीचा पेस ६:२५. चढाचा अर्धा भाग सरासरी ७:१० ने करा, सव्वा तास होईल. उतार ६:४० ने धरलात तरी एकूण २ तास २५ मिनिटं होतात. पहिल्या वेळेला २:२५ ते २:३५ हे लक्ष्य ठेवा. सपाटीचा वेळ इथे आणायचा हट्ट धरू नका.

उतारवाट
वरचा हिशेब बरोबर आहे, फक्त चढाची धास्ती सोडा आणि उताराची धरा. चढात फार तर वेळ जातो, उतारात पाय जातात.

कारण असं. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावून शरीराला थोपवत असतो. या कामात दम कमी लागतो, त्यामुळे फार सोपं वाटतं, पण स्नायूच्या तंतूंना बारीक इजा सर्वांत जास्त याच कामात होते. बाराव्या किमीला भन्नाट वाटत असतं. अठराव्याला मांड्या थरथरायला लागतात, गावात शिरताना पोटरीत गोळा येतो, आणि दोन दिवसांनी जिना उतरताना कठड्याला धरावं लागतं.

बरं यात असं की यावर सराव फार लवकर लागू पडतो. उताराची एक-दोन सत्रं केली तरी स्नायू पुढचे काही आठवडे कमी दुखतात. दहा आठवडे आहेत ना? तिसऱ्या आठवड्यापासून दर आठवड्याला एक सत्र ठेवा. आधी ३०० ते ४०० मीटरचा सौम्य उतार चार वेळा, मग हळूहळू वाढवत सलग ४ ते ५ किमी. शेवटचं मोठं सत्र स्पर्धेच्या दोन-तीन आठवडे आधी. त्यानंतर जोरात उतरणं बंद.

उतरायचं कसं: पावलं लहान, पण भराभर, मिनिटाला १७० ते १८० च्या घरात. पाऊल कमरेच्या खाली पडलं पाहिजे, पुढे नाही. टाच लांब टाकून ब्रेक मारत उतरलात तर प्रत्येक पावलाला गुडघा मार खातो. मागे रेलू नका, घोट्यापासून किंचित पुढे झुका. हात थोडे बाजूला, तोलासाठी. पठारावरून घाट लागतो तिथला पहिला किलोमीटर मुद्दाम राखून पळा.

वळणांवर आतली बाजू जवळची म्हणून सगळे तिकडे वळतात. हेअरपिन (यू आकाराच्या) वळणाला आतली कड सर्वांत तीव्र असते, रस्ता कलता असतो आणि पावसात त्याच कडेला शेवाळ, माती, खडी साठते. दोन पावलं जास्त पडली तरी चालतील, मधून किंवा बाहेरच्या अंगाने या. ओल्या रस्त्यावर पांढरे पट्टे आणि गतिरोधकाचा रंग साबणासारखा निसरडा होतो, त्यावर पाऊल देऊ नका.

माटुंगा_लोकल
धन्यवाद, उताराचा विचारच केला नव्हता. पण मुंबईत ४ किमीचा उतार आणायचा कुठून? ट्रेडमिलवर भागेल का?

घाटमाथा
ट्रेडमिलवर चढ होईल, उतार बहुतेक यंत्रांवर होत नाही. दक्षिण मुंबईत मलबार हिल आणि पेडर रोड आहेतच, छोटी सत्रं तिथे करा. लांब उतारासाठी महिन्यातून दोन रविवार ठाण्याचं येऊर किंवा खारघरची टेकडी गाठा. अगदीच जमत नसेल तर इमारतीचे जिने उतरा आणि घरी पायरीवरून सावकाश खाली येण्याचा व्यायाम करा: एका पायावर, तीन मोजत खाली, प्रत्येक पायाला १० वेळा, असे तीन फेरे. पूर्ण पर्याय नाही, पण मांड्यांना ओळख होते.

लेस_बांधा
बुटांचं मी सांगतो. पावसासाठी वेगळा जलरोधक बूट घेऊ नका, आत शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही. वरची जाळी पातळ असलेला नेहमीचाच बूट बरा. तळाचा रबर अंगठ्याने घासून बघा. गुळगुळीत झाला असेल तर नवा घ्या आणि किमान ५०–६० किमी पळून मगच साताऱ्याला आणा. तळात कार्बनची कडक पट्टी असलेले उंच तळाचे बूट ओल्या वळणांवर डगमगतात. २:३०च्या धावपटूला त्यांचा फायदाही विशेष नाही.

सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. उतारात पाय पुढे सरकतो, नख बुटाला आपटतं आणि काळंनिळं होतं. त्यावर उपाय लेसमध्येच आहे. घोट्याजवळ जे सर्वांत वरचं जादा भोक असतं, ते बहुतेक जण रिकामं ठेवतात. लेस त्याच बाजूच्या त्या भोकातून बाहेरून आत घाला, म्हणजे छोटा फासा तयार होतो. उजवी लेस डाव्या फाशातून, डावी उजव्या फाशातून काढा, खाली ओढा आणि गाठ मारा. टाच जागेवर बसते, पाय पुढे घसरत नाही. हे आधी सरावात करून बघा, फार आवळलं तर पावलाचा वरचा भाग बधिर होतो.

नखं तीन-चार दिवस आधी कापा, आदल्या रात्री नको. सुती मोजे बाद. बोटांच्या मध्ये, काखेत, मांडीत व्हॅसलिन. पुरुषांनी स्तनाग्रांवर चिकटपट्टी लावावीच, ओला टीशर्ट दोन तास घासला की रक्त येतं. चष्मा असेल तर पुढे झाप असलेली टोपी घाला.

पोटरी_गुडघा
औषधपाण्याबद्दल. सकाळी पोटदुखी नको, अंगदुखी नको म्हणून काही जण आधीच आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी घेतात. कृपा करून घेऊ नका. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात. ताप येऊन गेला असेल, अंग मोडून येत असेल तर स्पर्धा सोडा. पावसाळ्यात डेंग्यू आणि विषाणूजन्य ताप असतोच, आणि तापात पळल्याने हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते.

पाण्याचा दुसरा धोका उलटा आहे. हवा गार, वर धुकं, घाम कमी. तरी वाटेतल्या पाण्याच्या प्रत्येक टेबलावर दोन-दोन ग्लास पिणारे असतात. रक्तातलं सोडियम पातळ होतं. मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं होतं. तहान लागेल तसं, घोट-दोन घोट प्या. ओआरएसची एक लिटरची पुडी एक लिटर पाण्यातच घालायची. ग्लासभर पाण्यात ओतली तर जुलाब ठरलेले.

एनर्जी जेल (साखरेचा घट्ट पाक, पुडीतला) घेणार असाल तर पहिलं ४५ मिनिटांनी, दुसरं वळून परत निघताना, दोन्ही साध्या पाण्याबरोबर. घाटाच्या तीव्र टप्प्यात धाप लागलेली असताना तोंडात काही कोंबू नका. जेल सोसत नसेल तर बी काढलेले तीन-चार खजूर चालतात.

वेळेवर_पोहोचा
चढात चालण्याबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. दर ९ मिनिटांनी १ मिनिट झपझप चालावं, तेही पहिल्यापासून. दमल्यावर चालणं वेगळं, ठरवून चालणं वेगळं.

घाटमाथा
यवतेश्वरच्या घाटात मी घड्याळापेक्षा रस्ता बघून चालायला सांगेन. तीव्र वळण आलं की ४०–५० पावलं चाला, सौम्य लागलं की पळा. मात्र चालायचं ते डाव्या कडेने, आणि मागे बघून, हात वर करून. मधेच थबकलात तर मागचा येऊन आदळतो.

सातारकर_खालचा_रस्ता
राहण्याची सोय नाव नोंदवल्याच दिवशी करा. २०१५ मध्ये गिनीज विक्रम झाल्यापासून ही स्पर्धा सगळीकडे माहीत झाली आहे, त्या शनिवारी गावात खोली मिळणं अवघड. पोवई नाका परिसरात राहिलात तर सकाळी चालत जाता येईल. पहाटे रस्ते बंद होतात, रिक्षाच्या भरवशावर राहू नका. रेल्वेने येणार असाल तर लक्षात घ्या, सातारा स्टेशन गावात नाही, माहुलीला आहे, सहा-सात किमीवर. मोटारीने येणाऱ्यांनी शनिवारी सकाळीच पुणे सोडावं. दुपारनंतर खंबाटकी घाटात वाहनांची रांग लागली की बिब (छातीवर लावायचा क्रमांक) घ्यायची वेळ टळते.

रात्री वरण-भात, पोळी, साधी भाजी. झणझणीत मिसळ आणि कंदी पेढे पळून झाल्यावर. सकाळी सुरुवातीच्या दोन-अडीच तास आधी दोन केळी किंवा ब्रेड-जॅम आणि ग्लासभर पाणी.

सुरुवातीला थांबताना कचऱ्याच्या मोठ्या काळ्या पिशवीला डोक्याला आणि हातांना भोकं पाडून घाला, निघताना डब्यात टाका. रेनकोटात पळू नका, आत घामाने भिजाल. बिबच्या मागे रक्तगट आणि घरच्यांचा नंबर लिहा, बॉलपेनने, कारण शाईपेनचं लिखाण पावसात ओघळतं. वेळ मोजणारी चिप बिबला चिकटवलेली असेल तर बिब दुमडू नका. सामानाच्या पिशवीत कोरडा टीशर्ट, टॉवेल आणि चपला प्लास्टिकमध्ये बांधून ठेवा. संपल्यावर दहा मिनिटांत ओले कपडे काढले नाहीत तर हुडहुडी भरते.

आणि घरच्यांना घेऊन त्याच दुपारी कासची फुलं बघायचा बेत असेल, तर पठाराचं तिकीट आधीच ऑनलाइन काढा. हंगामात रोज ठराविक लोकांनाच सोडतात आणि रविवारचं आधी संपतं. गाडी मात्र दुसऱ्या कुणाला चालवू द्या. त्या दिवशी तुमच्या मांड्यांना घाटात क्लच दाबणं झेपणार नाही.