गच्चीवरील कुंड्यांत रानातील काळी माती चालते का?

गच्चीवरची बाग, राजारामपुरी

नमस्कार. आमच्या गच्चीवर मोगरा, जास्वंद, कढीपत्ता आणि एक कागदी लिंबू आहे. कुंड्या भरण्यासाठी शिरोळकडील नातेवाइकांच्या उसाच्या रानातून काळी माती आणली होती. तिकडे याच मातीत ऊस जोमाने येतो. कुंडीत मात्र पावसाळ्यात पाणी वरच साचून राहते, आणि उन्हाळ्यात माती कडेपासून सुटून घातलेले पाणी त्या फटीतून थेट खाली निघून जाते. तळाशी खडीचा जाड थर दिला आहे, तरी निचरा सुधारलेला नाही. लिंबाची नवी पाने पिवळी पडत आहेत, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. नर्सरीतून तयार पॉटिंग मिक्सच्या पिशव्या घ्याव्यात, की आहे त्याच मातीत काही मिसळून भागेल?

जास्वंदवाले, कळंबा

तुमची माती वाईट नाही, ती चुकीच्या जागी आली आहे. काळ्या मातीतील चिकणमातीचे कण पाण्याने फुगतात आणि वाळल्यावर आकसतात. रानात खाली खोलवर माती असते, त्यामुळे जादा पाणी ओढले जाते. शिवाय भेगा, मुळांचे मार्ग आणि गांडुळे यांमुळे हवा खेळते. वीतभर खोल कुंडीत यांपैकी काहीच घडत नाही, आणि मुळे पाण्याअभावी नव्हे, तर हवेअभावी गुदमरतात.

खडीच्या थराबद्दल सर्वत्र सांगितले जाते, परंतु त्याचा उपयोग होत नाही. बारीक कणांच्या मातीतील पाणी मोठ्या फटींच्या खडीत सहजासहजी उतरत नाही; वरची माती पूर्ण भिजेपर्यंत ते थराच्या वरच्या बाजूलाच अडून राहते. म्हणजे जो ओला पट्टा कुंडीच्या तळाशी राहिला असता, तोच खडीमुळे मुळांच्या आणखी जवळ येतो. छिद्रावर खापरीचा एक तुकडा किंवा जाळी पुरेशी आहे.

मी तांबडी माती दोन भाग, चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, धुतलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एक भाग आणि भाताच्या तुसाचा कोळसा किंवा वीटभट्टीवरील बारीक तुकडे एक भाग असे मिश्रण वापरतो. तूस कच्चे घालू नये. ते कुजताना मातीतील नत्र ओढून घेते. काळी माती टाकवत नसेल, तर तांबड्या मातीच्या हिश्शातला पाव भाग तिचा चालेल, अधिक नको. मिश्रण किंचित ओले करून मुठीत दाबावे: गोळा झाला पाहिजे आणि बोटाने टोचताच फुटला पाहिजे. टोचूनही तो तसाच राहिला, तर भरड भाग, म्हणजे कोळसा किंवा विटांचे तुकडे, वाढवावा.

पन्हाळा रोडवरून

लिंबाच्या लक्षणांवरून लोहाची कमतरता वाटते. नव्या पानांवर ती आधी दिसते, कारण झाड जुन्या पानांतले लोह नव्याकडे सहज हलवू शकत नाही. काळ्या मातीत अनेकदा चुनखडी असते. वाळलेल्या ढेकळावर थोडे व्हिनेगर टाकून पाहा. फेस आला, तर चुनखडी आहे, आणि अशा मातीत लोह असूनही ते मुळांना मिळत नाही. त्यात फेरस सल्फेट (लोहाचा साधा क्षार) घातले तरी त्याचा असर लवकर संपतो. चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनाने धरून ठेवलेले लोह, घेणार असाल, तर पिशवीवर ईडीडीएचए हे त्या रसायनाचे नाव लिहिलेले पाहून घ्यावे. ईडीटीए प्रकारचे लोह चुनखडीच्या मातीत टिकत नाही.

पन्हाळ्याकडील जांभ्यापासून झालेली तांबडी माती आम्लधर्मी असते आणि फारशी फुगत नाही, म्हणून लिंबू आणि मोगरा या दोहोंना ती मानवते. मात्र ती एकटी भरल्यास तिचाही वरचा थर घट्ट बसतो.

तुळस आणि बाकी सगळे

कोकोपीटच्या बाबतीत थोडे जपावे, असे माझे मत आहे. ते दाबून केलेल्या विटांच्या रूपात मिळते; काही विटांमध्ये क्षार बरेच असतात, त्यामुळे भिजवून ते पाणी दोन-तीनदा काढून टाकणे आवश्यक आहे. 5 किलोची वीट फुगून 60 लिटरांहून अधिक होते, म्हणून आधी लहान वीट आणून अंदाज घ्यावा. शिवाय कोकोपीट फार काळ ओलसर राहते. कोल्हापूरच्या जून ते सप्टेंबरच्या पावसात उघड्या गच्चीवर त्याचे प्रमाण मी निम्म्यावर आणून ती जागा भरड भागाला देईन. तयार पिशव्यांत मुख्यतः कोकोपीटच असते, त्यामुळे त्या हलक्या असतात, परंतु खत सतत द्यावे लागते. गच्चीवर वजनाचा प्रश्न असेल, तरच त्या परवडतात.

गच्चीवरची बाग, राजारामपुरी

व्हिनेगरने चांगलाच फेस आला. आणखी एक विचारायचे होते. साखर कारखान्याचे प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेला गाळ) सहज मिळते. ते शेणखताऐवजी चालेल का? आणि कुंड्या आताच, पावसाच्या तोंडावर बदलाव्यात का?

जास्वंदवाले, कळंबा

ताजे प्रेसमड मुळीच नको. ते कुजताना चांगलेच तापते आणि मुळे भाजतात. ढिगात घालून, अधूनमधून उलथून, वास जाऊन भुरभुरीत काळे झाल्यावर चालेल; पण चुनखडीचा प्रश्न असलेल्या लिंबाला ते देऊ नये, कारण रस शुद्ध करण्यासाठी वापरलेल्या चुन्याचा अंश त्यात उरतो. गुऱ्हाळावरील राखही त्याच कारणाने लिंबापासून दूर ठेवावी.

मोगरा, जास्वंद आणि कढीपत्ता पहिला पाऊस पडून हवा थंडावली की बदलावेत. लिंबावर फुले किंवा बारीक फळे असतील, तर ती उतरेपर्यंत थांबावे; तोवर कुंडी बादलीत बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवावी, म्हणजे कडेच्या फटीतून पाणी निसटणार नाही. बदलताना मुळांवरची सगळी काळी माती झटकू नये. बाहेरची तेवढी हाताने सैल करावी आणि गाभ्याचा गोळा शाबूत ठेवून नव्या मिश्रणात बसवावा. मात्र त्या गोळ्यात आधी लाकडी काडीने चार-पाच भोके पाडावीत, अन्यथा पाणी नव्या मातीतून वाहून जाते आणि मधला गोळा कोरडाच राहतो.