चालू सर्व्हिसचं लॉगिंग बदलताना: बडोदेकरांचे अनुभव

आपल्यातले बरेच जण कुणाचे ना कुणाचे सर्व्हर सांभाळतात. सर्व्हिस बंद न करता लॉगिंग (ती काय करते त्याच्या नोंदी) वाढवायचं-कमी करायचं कसं, ते लिहा. मॅन्युअलमधलं उतरवू नका, स्वतः केलेलं हवं.

मांडवीकर
नवरात्रात गरब्याचे पास ऑनलाइन विकणारे एक जण आहेत, त्यांचा सर्व्हर मी बघतो. संध्याकाळी गर्दी चढली की रीस्टार्टचं नावही काढायचं नाही, पेमेंट अधांतरी लटकतात. मागे एकदा काही लोकांना पास दोनदा निघायला लागले. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये ‘लॉग मिन ड्युरेशन स्टेटमेंट’ (याहून जास्त वेळ घेणारी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला केलेली विचारणा, लॉगमध्ये येते) ५०० मिलिसेकंदांवर आणलं आणि फक्त कॉन्फिग रीलोड केलं. एकही कनेक्शन तुटलं नाही. लॉगमध्ये एकच क्वेरी सारखी दिसायला लागली, चार-चार सेकंद घेणारी. लोक वैतागून बटण पुन्हा दाबत होते, बाकी काही नाही. इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) टाकला आणि सेटिंग परत -१ वर, म्हणजे बंद.

कारेलीबागवाला
मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये हेच करताना एक गोम आहे. ‘लाँग क्वेरी टाइम’ मुळात १० सेकंद असतो, तो ‘सेट ग्लोबल’ने १ केला तरी लागू होतो नव्या कनेक्शनना. ॲपचा पूल (पुन्हापुन्हा वापरायला उघडी ठेवलेली कनेक्शनं) जुनी कनेक्शनं धरून बसलेला असतो, त्यामुळे लॉग कोराच. पूल रिकामा होईपर्यंत थांबायचं. शिवाय रीस्टार्टनंतर हे सगळं उडतं, ८.० पासून ‘सेट पर्सिस्ट’ आहे, ते वापरा.

मकरपुरा_रात्रपाळी
डिस्क फुल्ल झाली की कुणीतरी लॉगफाईल सरळ उडवतं आणि मग विचारतं, जागा का नाही सुटली? अरे बाबा, सर्व्हिसने फाईल उघडी धरलीय. एनजिनएक्स वेबसर्व्हरला ‘यूएसआर१’ सिग्नल द्या, तो लॉग नव्याने उघडतो आणि जागा लगेच मोकळी होते.

सयाजीगंज
जर्नलडीचं (लिनक्सवर सर्व्हिसचे लॉग गोळा करतं ते) कुणी बोललंच नाही. डीबग (सगळं सविस्तर लिहिणारी लॉगची पातळी) चालू केला आणि नेमकी हवी तीच ओळ गायब, असं होतं ना? मूळ सेटिंगमध्ये एका सर्व्हिसला ३० सेकंदांत साधारण १०,००० संदेशांची मुभा असते, पुढचे गाळले जातात. ‘सप्रेस्ड’ अशी ओळ दिसली की समजायचं. त्या एका सर्व्हिसपुरती मर्यादा युनिट फाईलमध्ये (तिच्या सेटिंगच्या फाईलमध्ये) वाढवता येते, सगळ्या मशीनची उठवायची गरज नाही. तशी ती उठवणारे पाहिलेत मी, देव त्यांच्या डिस्कचं भलं करो.

मांडवीकर
@सयाजीगंज, आणि चालू सर्व्हिसची लॉग पातळी बदलणारी ‘सिस्टिमसीटीएल सर्व्हिस-लॉग-लेव्हल’ कमांड?

सयाजीगंज
सिस्टिमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिस सांभाळणारी यंत्रणा) २४७ आवृत्तीपासून आहे. पण सर्व्हिसने स्वतः डी-बसवर (प्रोग्रॅमनी आपसात बोलायची वाट) तशी सोय दिलेली असेल तरच चालतं. आपल्या घरच्या पायथन स्क्रिप्टला त्याचा उपयोग शून्य.

दांडियाबझार
तुम्ही सगळे चालू कसं करायचं तेच सांगताय. मी डीबगची कमांड देतानाच ‘ॲट’मध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवणारं) अर्ध्या तासानंतरची ‘परत इन्फो’, म्हणजे नेहमीच्या पातळीची, कमांड टाकून ठेवतो. मग जेवायला उठलो तरी फिकीर नाही.