मदत हवी आहे: केअर सेंटर निवडताना रात्रीची देखभाल कशी तपासायची?

नमस्कार मंडळी. पुण्यात अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या आजींसाठी केअर सेंटर शोधतोय. नाकातून नळीने आहार, शिवाय कॅथेटर (लघवीची नळी).

कागद तपासणं सोपं आहे. आग प्रतिबंधाचा फॉर्म बी (आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला) दर जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो, म्हणून ताजाच मागायचा. दिवसाची भेटही बरंच सांगते: नळीने भरवताना पलंगाची डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर हवी आणि नंतरही निदान अर्धा तास तशीच, नाहीतर आहार फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकलेली.

घोडं अडतं ते रात्री. दर दोन तासांनी कूस बदलल्याचा तक्ता सगळेच दाखवतात. पण २, ४, ६ अशा ठोक वेळा, एकच अक्षर, एकच शाई दिसली की तो सकाळी एकदम भरलाय असा संशय येतो. आणि कूस न बदलल्याने माकडहाड, टाचा इथे एकदा जखम झाली की भरायला महिने जातात.

जाणकारांनी कृपया सांगावं: रात्री एका मावशीकडे किती रुग्ण असले तर चालेल? जड रुग्णाला वळवायला दोघी लागतात, मग दुसरी कोण? रात्री न कळवता भेट देण्याची मुभा करारात लिहून घेता येते का? आणि दाखल करताना त्वचेची स्थिती फोटोसह नोंदवून सही घ्यायची, तर त्या कागदात आणखी काय असावं?