मदत हवी आहे: ‘पाजळलेला’ दिवा आजच्या वाचकाला खटकेल का?

माझी आजी तिन्हीसांजेला ‘दिवा पाजळ गं’ असं म्हणायची. सध्या तिच्यावर एक ललित लेख लिहितेय. त्यात ‘पाजळलेल्या समईच्या उजेडात’ असं लिहिलं, तर वाचणाऱ्या मैत्रिणीला एकदम ‘अक्कल पाजळणे’च आठवलं. तेव्हापासून मी अडून बसले आहे.

‘उजळणे’ आणि ‘पाजळणे’ ही तशी सख्खी भावंडं. दोघांचं मूळ संस्कृत ‘ज्वल्’ धातूत. एकाला ‘उद्’ उपसर्ग, दुसऱ्याला ‘प्र’. पण उजळण्याच्या वाट्याला सगळं चांगलं आलं: उजळ माथा, पाढ्यांची उजळणी, ज्ञानेश्वरीच्या चौथ्या अध्यायातला ‘विवेकदीप उजळी’. पाजळण्याकडे मात्र शस्त्रं पाजळणं आणि नको तिथे ज्ञान पाजळणं एवढंच उरलं. फार वाईट वाटतं याचं. मला तरी त्या शब्दात काडी ओढल्यापासून ज्योत स्थिर होईपर्यंतची सगळी कृती दिसते. ‘उजळलेली समई’ म्हटलं की नुसता प्रकाश दिसतो, लावणारा हात दिसत नाही. ‘तेवती’ तर त्याच्याही पुढची, शांत झालेली.

तुमच्या घरी, गावाकडे दिवा ‘पाजळतात’ का अजून? कुठल्या भागात? आणि जुन्या ओव्या, आरत्या, कथा-कादंबऱ्यांत हा शब्द दिव्यासाठी, चांगल्या अर्थाने आलेला कुणाला आठवत असेल तर ती ओळ कृपया इथे द्या. शक्यतो आजीचा शब्द मला बदलायचा नाहीये.