१५० डीलरांची मीट : टोकन द्यायच्या आधी काय तपासावं?

ओलिताची_मोटर
कृषी पंपांच्या १५० डीलरांची मीट घ्यायची आहे. आमची १५ माणसं धरून १६५. नाशिकला एक हॉल बघितलाय, ६० बाय ४० फूट, माहितीपत्रकावर 'क्षमता २५०'. गोल टेबलं, स्टेज, एलईडी वॉल, दुपारचं जेवण आणि ४० बक्षिसं असा बेत आहे. साहेबांच्या मनात मात्र गोवा आहे. यात नेमकी फसगत कुठे होते?

मोजपट्टी
पहिली फसगत त्या '२५०'मध्येच आहे. तो आकडा रिकाम्या हॉलमध्ये नुसत्या खुर्च्या लावून काढलेला असतो. तुमचा हिशेब करू. स्टेजची खोली १२ फूट, स्टेजपुढे मोकळी जागा ६, वॉलच्या मागे ४, शेवटी साउंडचं टेबल आणि ये-जा यासाठी ८. साठातले तीस गेले. उरले ३० बाय ४०.

गोल टेबलाला खुर्च्या आणि वाढप्याची वाट धरून १० बाय १० फूट लागतात. म्हणजे १२ टेबलं. प्रत्येकी दहा बसवले तरी १२०, आणि त्यातल्या निम्म्यांची स्टेजकडे पाठ. सगळ्यांची तोंडं स्टेजकडे हवीत तर टेबलाला सहाच जण, म्हणजे ७२. गोल टेबलं या हॉलमध्ये बसतच नाहीत.

नुसत्या खुर्च्या बसतात : मध्ये ४ फुटांची वाट, दोन्ही भिंतींकडे ३-३ फूट सोडून ओळीत १८ खुर्च्या, दोन ओळींत ३ फूट, १० ओळी, एकूण १८०. जेवण मात्र बाहेर, लॉनवर किंवा दुसऱ्या हॉलमध्ये. ती जागा बुकिंगच्या कागदावर लिहून घ्या, नाहीतर त्याच दिवशी तिथे कुणाचा तरी साखरपुडा असतो. टेप घेऊन स्वतः जा. खांब आणि झुंबरं माहितीपत्रकातल्या फोटोत कधीच नसतात.

फेडरवर_बोट
वॉलबद्दल. शेवटची ओळ पडद्याच्या उंचीच्या सहापटीपेक्षा लांब नको. ८ फूट उंच वॉलला ४८ फूट, आणि वरच्या मांडणीत शेवटची ओळ नेमकी तिथेच येते, त्यामुळे वॉल लहान करू नका. पुढच्यांच्या डोक्यांवरून दिसायला खालची कड जमिनीपासून ४ फूट वर लागते. म्हणजे वॉलची वरची कड १२ फुटांवर, आणि वर थोडी मोकळी जागा धरून छत किमान १४ फूट हवं. १२ बाय ८ वॉलवर १६:९ च्या स्लाइडला वर-खाली काळ्या पट्ट्या येतात. वॉलचे पिक्सेल व्हेंडरकडून आधी घ्या आणि स्लाइड त्या मापात करा.

मराठी स्लाइड श्री-लिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात केल्या असतील तर दुसऱ्या लॅपटॉपवर नुसत्या चिन्हांचा कचरा दिसेल. युनिकोडमध्ये करा, शिवाय पीडीएफ सोबत ठेवा.

साउंडची विजेची लाइन दिवे आणि वॉलपासून वेगळी घ्या, नाहीतर स्पीकर गुणगुणतो. जनरेटर चालू व्हायला १०-१५ सेकंद जातात. तेवढ्यात वॉलचा प्रोसेसर (वॉलला चित्र पुरवणारा डबा) बंद पडून पुन्हा उभा राहतो आणि अख्खा हॉल काळ्या भिंतीकडे बघत बसतो. प्रोसेसर, मिक्सर आणि लॅपटॉप यूपीएसवरच हवेत. धुराचं मशीन लावणार असाल तर हॉलवाल्याला आधी विचारा, स्मोक डिटेक्टर वाजतो.

पंगत_ते_बुफे
हॉटेलला १६५ ची हमी देऊ नका. १५० द्या आणि '१० टक्के जास्त आले तरी त्याच दरात वाढू' हे लेखी घ्या. हमीपेक्षा कमी आले तरी पैसे हमीचेच जातात. प्लेटा सुरुवातीला दोघांनी मिळून मोजायच्या. ड्रायव्हरांचं जेवण वेगळं आणि वेगळ्या दराने ठरवा. नाहीतर तेही मुख्य काउंटरवर येतात आणि संध्याकाळी आकड्यावरून वाद.

बुफेच्या एका रांगेतून मिनिटाला चारेक माणसं पुढे सरकतात. एकच रांग ठेवली तर १६५ जणांना चाळीस मिनिटं. दोन टेबलं, दोन्ही बाजूंनी वाढप, की दहा मिनिटांत काम. जैन जेवण वेगळ्या टेबलावर. मार्गशीर्षातला गुरुवार किंवा संकष्टी आली तर मटणाची पातेली तशीच परत जातील.

बक्षिसांना प्रत्येकी ४५ सेकंद धरा, ४० म्हणजे अर्धा तास. ट्रॉफीच्या तळाला यादीतला क्रमांक चिकटवा. यादीत फर्मचं नाव आणि मालकाचं नाव दोन्ही हवं.

जमाखर्च
गोव्याचं बिल बघा. हॉल गोव्यात असेल तर हॉटेल सीजीएसटी (केंद्राचा जीएसटी) आणि गोव्याचा एसजीएसटी (राज्याचा जीएसटी) लावतं. तुमची नोंदणी फक्त महाराष्ट्रात असेल तर त्याचं क्रेडिट मिळत नाही, म्हणजे तो कर तुमच्या भरायच्या जीएसटीतून वजा होत नाही. जेवणावरचं तर नाशकातही मिळत नाही.

दुसरं टीडीएसचं, म्हणजे लाभ देणाऱ्यानेच कापून भरायच्या आयकराचं. मीट खरोखर नव्या मालाच्या माहितीसाठी असेल तर तिचा खर्च डीलरला दिलेला लाभ धरत नाहीत. पण टार्गेट पूर्ण केलेल्यांनाच बोलावलं, बायकामुलांना नेलं किंवा सहल जोडली, तर तो खर्च लाभात जातो. वर्षात एका डीलरमागे २०,००० च्या वर गेलं की १० टक्के टीडीएस. म्हणून निमंत्रणात कार्यक्रमपत्रिका छापा आणि हजेरीची सही घ्या.

ओलिताची_मोटर
गोवा रद्द. उद्या टेप घेऊन हॉलवर जातो. छत चौदा फूट वाटत नाही.

फेडरवर_बोट
बारा निघालं तर मोठी वॉल सोडा. स्टेजच्या दोन्ही बाजूंना ६ बाय ४ ची एकेक, आणि हॉलच्या मध्यावर दोन टीव्ही स्टँडवर.