योगवर्गात एकमेकांना सांभाळून घेणं : तुमचे अनुभव सांगा

कोथरूडला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी ६ चा वर्ग असतो. आम्ही वीसेक जण, मॅटला मॅट लागलेली. परवा शवासनात कुणाचा तरी मोबाइल आला. सायलेंटवरच होता, पण फरशीवर ठेवलेला. ती घूंऽ घूंऽ फरशीतून थेट माझ्या डोक्यामागच्या हाडात उतरली. तासाभराने जेमतेम सैलावलेलं अंग पुन्हा आवळून आलं. मुद्दाम कुणीच करत नाही, म्हणून बोलताही येईना. तुमच्या वर्गात काय रीत आहे? काय खुपलं, काय भावलं, दोन्ही लिहा.

ठाणे
मला दमा आहे. अनुलोम-विलोम सुरू झालं की शेजारणीच्या डिओने छाती भरायची. दोन दिवस जागा बदलली, तिसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर तिला बाजूला घेऊन सांगितलं. घामाचा वास इतरांना नको, म्हणून बिचारी मारून यायची! आता नुसती अंघोळ करून येते. कपालभातीला मात्र हातरुमाल प्रत्येकाने आणावाच.

नाशिक
मी १४ वर्षं शिकवते आहे. उशीर झाला तर प्रार्थना संपेपर्यंत दाराशी थांबा आणि मागे बसा, एवढं लोक ऐकतात. शेजाऱ्याला 'सुधारणं' काही थांबत नाही. एका काकांनी पश्चिमोत्तानासनात बाजूच्या मुलीची पाठ खाली दाबली. हेतू चांगलाच होता, पण मांडीच्या मागची शीर धरली आणि ती तीन आठवडे आली नाही. मी स्वतःसुद्धा "हात लावू का?" विचारल्याशिवाय कुणाला स्पर्श करत नाही. नको म्हणालात तर मला मुळीच वाईट वाटत नाही. आणि बीपी, स्लिप डिस्क, पाळी, गरोदरपण, जे असेल ते वर्ग सुरू होण्याआधी माझ्या कानावर घाला. बीपी वाढलेल्या माणसाला मला सर्वांगासन द्यायचं नसतं. मला कळणार कसं?

टोरांटो
इथे बुटांसाठी दाराशी रॅक असतो, वर्ग संपला की प्रत्येकाने आपली मॅट पुसायची. दुसऱ्याच्या मॅटवर पाय न देणं मी इथेच शिकले. पुण्यात कधी लक्षातच आलं नव्हतं.

पुणे, सदाशिव पेठ
अय्यंगार पद्धतीच्या वर्गात आसनांना आधार म्हणून लागणाऱ्या चादरी, विटा, पट्टे, लोड सगळ्यांचे मिळून असतात. सर्वांगासनात खांदे चादरींच्या घडीवर आणि मान घडीबाहेर मोकळी राहावी लागते. कड वेडीवाकडी असेल तर पुढच्या माणसाची मान दुखते. म्हणून चादर कोंबून ठेवू नका हो. कडेला कड जुळवून, गोल कड एका बाजूला येईल अशी ठेवा. एक मिनिट लागतं.

सांगली
वय ७१. पवनमुक्तासनात माझा वायू सरला, चांगला आवाज करून. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. कुणी हसलं नाही, कुणी वळून पाहिलं नाही. मॅडमचे आकडे तसेच चालू राहिले, "सात... आठ..." त्या दिवशी कुणी फिसकन हसलं असतं तर मी पुन्हा गेलो नसतो. चार वर्षं झाली, जातोय.

वसई
सांगलीच्या काका, तुमचं वाचून लिहावंसं वाटलं. आई गेल्यावर महिन्याने मी वर्गाला परत गेले. शवासनात डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, कानात उतरायला लागलं, हुंदका आवरेना. शेजारी एक बाई असायच्या, आमची नुसती मान हलवण्यापुरती ओळख. त्यांनी आडव्या-आडव्याच आपली चादर माझ्या पायांवर सरकवली आणि पुन्हा डोळे मिटून पडून राहिल्या. नंतर उठून मी चादर घडी करून त्यांच्या हातात दिली. "उद्या येशील ना गं?" एवढंच म्हणाल्या.